बारा ग्रॅम गांजा, ‘अल्प प्रमाण’ आणि ‘कबूल करून टाक’ हा सल्ला

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. भाचा २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मित्रांबरोबर टेकडीवर बसलेला असताना गस्तीवरच्या पोलिसांना त्याच्या सॅकमध्ये १२ ग्रॅम गांजा सापडला. रात्र पोलीस ठाण्यात गेली, दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन झाला, पुढची तारीख महिन्याभराने आहे. एक जण सांगतो की एक किलोच्या आत गुन्हाच नाही. दुसरा म्हणतो दहा वर्षं जाणार. कोर्टाच्या आवारात भेटलेल्या तिसऱ्याने सांगितलं, ‘कबूल करून टाका, दंड भरा, विषय संपला.’ आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की एवढ्याशा गांजासाठी पोरांना आरोपी म्हणून उभं करणं सरकार थांबवत का नाही, आणि थांबवावं का.

मी २२ वर्षं फौजदारी वकिली करते आणि अमली पदार्थांचे खटले आरोपीच्या बाजूने पुष्कळ लढवले आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्यापुढचा खरा प्रश्न पुढच्या तारखेचा आहे. त्या दिवशी भाचा ‘गुन्हा कबूल आहे’ म्हणणार की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरेल. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तरही याच ‘कबूल’मधून येतं, म्हणून आधी कायदा काय आहे ते सांगते.

एनडीपीएस म्हणजे आपला अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा, १९८५ चा. त्यात गांजा बाळगणं हाच गुन्हा आहे, मग तो बारा ग्रॅम असो की बारा किलो. वजनावर ठरते ती शिक्षा. ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजाचं ‘अल्प प्रमाण’ म्हणजे १ किलोपेक्षा कमी आणि ‘व्यापारी प्रमाण’ म्हणजे २० किलोपेक्षा जास्त. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. अल्प प्रमाणाला कलम २०(ब) खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा एक ते वीस किलोच्या मधल्या मालासाठी आहे; ती तुमच्या भाच्याला लागू नाही. म्हणजे दहा वर्षांची भीती घालणारा चुकतो, आणि ‘गुन्हाच नाही’ म्हणणाराही चुकतो. ‘अल्प प्रमाण’ हा शब्द ऐकायला सवलतीसारखा वाटतो, पण ती शिक्षेची सगळ्यात खालची पायरी आहे, सूट नव्हे.

ही पायरी कशी आली तेही बघण्यासारखं आहे. मूळ कायद्यात थोडा माल सापडला, तर तो स्वतःच्या सेवनासाठीच होता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर होती. ते जमलं नाही की तो व्यापाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसायचा. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा वजनाशी जोडली आणि ही अडचण कमी केली. २०१४ मध्ये मात्र अल्प प्रमाणाची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्ष केली गेली. कायदा आता सैल होतोय अशी समजूत ज्यांच्या बोलण्यातून तुमच्यापर्यंत आली, त्यांना ही दुरुस्ती माहीत नसावी.

भाच्याच्या एफआयआरवर नेमकी कोणती कलमं आहेत ते स्वतः बघा. ८(क) या बंदीच्या मूळ कलमासोबत २०(ब) आहे की २७, याने मोठा फरक पडतो. २७ हे सेवनाचं कलम. गांजाच्या सेवनाला त्यात सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता यातली एक गोष्ट कोर्टात उभे राहणारे बरेच वकीलसुद्धा विसरतात. पहिल्यांदा चुकलेल्या तरुणाला शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची कायद्यात सोय आहे, पण एनडीपीएसच्या कलम ३३ ने ती बहुतेक बंद केली आहे. आरोपी १८ च्या आतला असेल, किंवा गुन्हा कलम २६ वा २७ चा असेल, तरच ती उरते. म्हणजे चिलीम ओढताना सापडलेल्याला हमीवर सोडता येतं, आणि न ओढता सॅकमध्ये पुडी असलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला येत नाही. मला हे आजही अन्यायाचं वाटतं.

जामिनाबद्दल तुम्हाला वाटलेलं आश्चर्य रास्त आहे. एवढ्या छोट्या गुन्ह्यात ठाण्यातूनच का सोडलं नाही? मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका न्यायपीठाने २०१० मध्ये अल्प प्रमाणाचे गुन्हे जामीनपात्र मानले होते. २०२० मध्ये चित्रपटसृष्टीशी संबंधित एका गाजलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या निकालाचा आधार घेऊन, एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवले. तेव्हापासून महाराष्ट्रात अशा मुलाला बहुधा मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. कलम ३७ मधल्या जामिनाच्या कडक अटी अल्प प्रमाणाला लागत नाहीत, त्यामुळे जामीन जवळपास नेहमी होतो. पण तोपर्यंत एक रात्र कोठडीत जाते, कॉलेजात बातमी पोचते, घरी आईचा रक्तदाब वाढतो. खरं तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यावी, अटकेची गरज असेल तर कारणं लिहावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात बजावलेलं आहे. एक वर्षाच्या गुन्ह्याला ते नक्कीच लागू पडतं.

आता ‘कबूल करून टाका’. हा सल्ला देणारा बहुतेक वेळा वाईट हेतूने देत नाही. मॅजिस्ट्रेटकडे प्रकरणांचे ढीग असतात. गुन्हा कबूल केला की काही हजार दंड होतो, कधी ‘कोर्ट उठेपर्यंत’ बसायची शिक्षा होते, आणि संध्याकाळी मुलगा घरी येतो. लढलं तर तारखा दोन-तीन वर्षं चालू शकतात. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या अशा प्रकरणांचा अभ्यास केला होता. त्यात बहुसंख्य प्रकरणं गांजाची आणि वैयक्तिक सेवनाची निघाली, आणि दोषी ठरलेल्यांनी गुन्हा कबूल केलेला दिसला. मला ते वाचून नवल वाटलं नाही. मी कॉरिडॉरमध्ये रोज तेच बघते. हातगाडीवाला, डिलिव्हरी करणारा, वॉचमन; दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून पुकारा झाला की मान डोलावतात.

पण तो दंड म्हणजे दोषसिद्धी असते. दंड भरल्यावर पावती फाटते, नोंद राहते. दुसऱ्यांदा तसाच गुन्हा झाला तर कलम ३१ खाली कमाल शिक्षा दीडपट होते. सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये अटक आणि शिक्षेचा रकाना असतो, आणि तिथे माहिती लपवणं हा वेगळाच दोष धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. भाच्याला पुढे एमएसला जायचं असेल तर आणखी काळजी. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्ममध्ये अटक वा शिक्षा झाली होती का आणि अमली पदार्थांचा कायदा मोडला होता का, हे दोन्ही प्रश्न थेट विचारतात. अमली पदार्थाच्या गुन्ह्यातली दोषसिद्धी तिथे व्हिसा नाकारायचं स्वतंत्र कारण आहे, शिक्षा नुसत्या दंडाची असली तरी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांनाही मी हे सांगत असते: तिथल्या राज्यात दुकानातून गांजा मिळतो, पण संघराज्याच्या कायद्यात तो बंदच आहे, आणि तुमचा व्हिसा संघराज्य देतं.

याचा अर्थ डोळे मिटून लढा असं मी म्हणत नाही. खटला चालू असेपर्यंत पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते, ही लढण्याची किंमत आहे. लढायचं की नाही हे कागदांवरून ठरतं, आणि ते कागद मी पाहिलेले नाहीत. पंचनाम्याची प्रत घ्या. झडती अंगाची झाली की फक्त सॅकची? अंगझडती असेल तर, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आहे हे सांगणं कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. फक्त सॅकच्या झडतीला ते लागत नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणात या मुद्द्यावर फार भरवसा ठेवू नका. सॅक नक्की कुणाची होती, चौघांत मधेच पडली होती का? पंच कोण होते? मुद्देमाल सील केल्याची नोंद आहे का, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला का? कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणूनच भांग या केंद्रीय कायद्याबाहेर राहिली आणि राजस्थान, उत्तर प्रदेशात तिची परवानाधारक दुकानं आहेत. अहवाल न येताच कबुली देणं म्हणजे पेपर तपासायच्या आत नापास झालो असं सांगणं.

आणखी एक विचारा, तेही प्रेमाने: पुडीत गांजाशिवाय दुसरं काही होतं का? एमडीएमए या रासायनिक अमली पदार्थाचं अल्प प्रमाण फक्त अर्धा ग्रॅम आहे आणि १० ग्रॅमच्या पुढे व्यापारी प्रमाण सुरू होतं. तिथे माझं आतापर्यंतचं सगळं उत्तर बदलतं. तसंच, ‘मी एकट्याने आणला आणि चौघांत वाटला’ हे वाक्य पोलिसांसमोर सहज बोललं जातं. पोरांच्या दृष्टीने ती दोस्ती असते, कायद्याच्या दृष्टीने तो पुरवठा. ज्या फ्लॅटवर हे सगळे बसतात, त्याचा ताबा असलेल्याने जाणूनबुजून बसू दिलं तर कलम २५ त्याच्यावरही येऊ शकतं. रूममेटच्या घरच्यांनाही हे कळलेलं बरं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. लोक इथे दोन वेगळ्या गोष्टी एक करतात. गांजा कायदेशीर करणं म्हणजे त्याची विक्री, दुकानं, कर. थोडा गांजा जवळ बाळगणं गुन्ह्याच्या यादीतून काढणं म्हणजे विक्री गुन्हाच राहते, माल जप्तही होतो, फक्त बाळगणारा आरोपी होत नाही. मी दुसऱ्या गोष्टीच्या बाजूने आहे, आणि पहिलीबद्दल मला घाई नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला तेव्हा नियमांची चौकट तयारच नव्हती. दुकानं भराभर उघडली, आणि तीन वर्षांत सरकारला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद करावी लागली.

पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून दुसरा रस्ता धरला, आणि माझ्या मते अभ्यास करण्यासारखं उदाहरण ते आहे. तिथे दहा दिवसांच्या वापरापुरतं प्रमाण, गांजाच्या बाबतीत २५ ग्रॅम, जवळ सापडलं तर गुन्हा नोंदत नाहीत. पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला एका आयोगासमोर जायला सांगतात. त्या आयोगात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य अशा क्षेत्रांतली तीन माणसं बसतात. माणूस व्यसनी आहे का, अधूनमधून ओढणारा आहे का, हे ते बघतात. व्यसनी नसेल आणि पहिलीच वेळ असेल तर प्रकरण सहसा स्थगित ठेवतात. व्यसनी असेल तर उपचाराकडे वळवतात. विक्रेता मात्र फौजदारी कोर्टातच जातो. हे चाललं ते उपचाराची सोय बरोबरीने उभी केली म्हणून. नुसता कायदा बदलून ते झालं नसतं.

आपल्याकडे हा विचार परका नाही. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने हजाराहून जास्त साक्षी घेऊन संपूर्ण बंदीची गरज नाही असं लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने, वैयक्तिक वापराचं थोडं प्रमाण गुन्ह्यातून वगळून उपचारावर भर द्यावा असं महसूल विभागाला सुचवल्याच्या बातम्या आल्या होत्या. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आधीच्या वर्षभरात सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, आणि या सगळ्या प्रकारांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख होते. म्हणजे बहुतेकांना उपचार लागत नाहीत आणि ज्यांना लागतात ती संख्याही लहान नाही. पोलीस ठाण्यातल्या पंचनाम्यातून यातला कोण कुठला हे कसं कळणार?

एक अडचण मात्र मोकळेपणाने मांडते. आजचं ‘अल्प प्रमाण’ जसंच्या तसं गुन्ह्यातून काढायला माझा विरोध आहे. एक किलो गांजा स्वतःसाठी कुणी बाळगत नाही. ९०० ग्रॅमच्या पुड्या बांधून कॉलेजच्या दारात विकणारा आणि तुमचा भाचा आज एकाच पायरीवर उभे आहेत, आणि यात दोघांवरही अन्याय आहे: एकाला फार स्वस्तात सुटता येतं, दुसऱ्याला फार महाग पडतं. वैयक्तिक वापरासाठी २५-३० ग्रॅमची वेगळी रेषा हवी. आणि जागेवरच दंड घ्यायचा अधिकार पोलिसांना देऊ नये. तसं केलं तर टेकडीवरच्या प्रत्येक पोराचा खिसा तपासला जाईल, पैसे असलेला सुटेल आणि नसलेला ठाण्यात जाईल. प्रकरण गेलंच तर आरोग्य विभागाच्या माणसासमोर जावं.

पालक मला म्हणतात, कायद्याची भीती गेली तर मुलं आणखी बिघडतील. ही काळजी मी हलकी धरत नाही. आजकाल ‘हायड्रो’ म्हणून जो गांजा मिळतो तो पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र असतो, आणि कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांपैकी काहींच्या मनावर त्याचे गंभीर परिणाम होतात. पण भीती नेमकं काय अडवते? एकदा एक आई माझ्याकडे आली होती. मुलगा दोन वर्षं दिवसभर ओढत होता, त्याला आवाज ऐकू यायला लागले होते. सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर पोलिसांना कळवतील, केस होईल, म्हणून तिने त्याला खोलीत ठेवलं. मी कलम ६४-अ वाचून दाखवलं तेव्हा ती रडली. कायद्याच्या भीतीने त्या मुलाचा गांजा एक दिवसही थांबला नव्हता. थांबले होते ते उपचार.

ते कलम ६४-अ तुमच्याही कामाचं असू शकतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ खाली दोषी ठरल्यावरही कोर्ट शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. दोन्हीकडे ‘व्यसनी’ असणं ही अट आहे. महिन्यातून एकदा ओढणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. ज्याला उपचारांची गरजच नाही त्याच्यासाठी या कायद्यात फक्त कोर्ट आहे. बाळगणं गुन्ह्यातून काढावं असं मी म्हणते ते मुख्यतः अशा मुलांसाठी.

म्हणून तारखेच्या किमान आठवडाभर आधी दोन कामं करा. एफआयआर, पंचनामा आणि जामिनाच्या आदेशाच्या प्रती घेऊन अशा वकिलाकडे बसा जो अहवाल येण्याआधी कबुलीचं नाव काढणार नाही. आणि भाच्याला एकट्याला घेऊन बसा. त्याच्या आईवडिलांसमोर तो खरं सांगणार नाही, मामाला सांगेल. किती दिवसांपासून, रोज की कधीतरी, सोडून बघितलं तर काय झालं, एवढंच विचारा आणि रागावू नका. रोज ओढत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, निवडलेलं ठिकाण सरकारमान्य आहे का ते बघून दाखल्याचे कागद सांभाळून ठेवा, म्हणजे वकिलाला ६४-अ चा अर्ज करता येईल. कधीतरीच ओढत असेल तर तो रस्ता नाही. मग पंचनाम्यातली सॅक नेमकी कुणाजवळ सापडली म्हणून लिहिलंय, ते मला कळवा.